कोच चांगली आहे का आणि कोच टिकेल का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत

प्रश्न थोडक्यात असा आलाय: मुलीला अमेरिकेतल्या एका मिड-मेजर डिव्हिजन वन कॉलेजकडून (म्हणजे कॉलेज खेळाच्या सगळ्यात वरच्या पातळीतलं, पण नामांकित मोठ्या कॉलेजांपेक्षा कमी बजेटचं) बास्केटबॉलची पूर्ण स्कॉलरशिप ऑफर झालीय. हेड कोच बाईंचा पाचवा सीझन आत्ताच संपला, पाच वर्षांत विजय अनुक्रमे ९, १४, १९, १६ आणि यंदा १२, एनसीएए टूर्नामेंट, म्हणजे कॉलेजांची सीझनअखेरची राष्ट्रीय स्पर्धा, एकदाही नाही. यंदा दोन स्टार्टर (सुरुवातीच्या पाचातल्या खेळाडू) गुडघ्याच्या एसीएल या लिगामेंटच्या दुखापतीमुळे बाहेर होत्या. माजी विद्यार्थ्यांचा एक गट "काढा यांना" म्हणून मागे लागलाय, मागच्या उन्हाळ्यात नवीन अ‍ॅथलेटिक डायरेक्टर (एडी, कॉलेजच्या खेळविभागाचा प्रमुख) आलाय आणि कोचचा करार अजून दोन सीझनचा आहे. तर कोच खरंच वाईट आहेत का, आणि मुलगी तिथे पोचेपर्यंत त्या असतील का?

मी मिडवेस्टमधल्या अशाच एका मिड-मेजर कॉलेजात बरीच वर्षं असिस्टंट कोच होते, आता हायस्कूलच्या मुलींना शिकवते, आणि दर मार्च-एप्रिलला कुठल्या ना कुठल्या घरात हाच प्रश्न असतो, म्हणून जरा लांबलचक लिहितेय, सवडीने वाचा.

लोक हे दोन प्रश्न एकात एक मिसळतात आणि मग दोन्हीची उत्तरं चुकतात. टेनेसी विद्यापीठाच्या महिला टीमचं बघा. पॅट समिट तिथे १९७४ ते २०१२ होत्या, १०९८ विजय, ८ राष्ट्रीय टायटल. त्यांच्यानंतर आल्या होली वॉर्लिक, सात सीझनमध्ये १७२-६७ (म्हणजे १७२ विजय, ६७ पराभव), तीनदा एलिट एट (एनसीएएतल्या शेवटच्या आठ टीम), आणि २०१९ ला त्यांना काढलं. मग केली हार्पर, ज्या खेळाडू म्हणून समिट यांच्याकडे तीन टायटल जिंकलेल्या, पाच सीझनमध्ये १०८-५२, २०२० ला कोविडमुळे टूर्नामेंट झालीच नाही ते सोडलं तर दरवर्षी टीम टूर्नामेंटमध्ये, दोनदा स्वीट सिक्स्टीन (शेवटच्या सोळा), आणि १ एप्रिल २०२४ ला त्यांनाही काढलं. आता १०८-५२ म्हणजे कोच वाईट असं कुणी म्हणू शकेल का? बाकी बहुतेक कॉलेजांत एवढ्यावर पगारवाढ मिळाली असती. पुढच्याच वर्षी मिझुरीने हार्पर यांना हेड कोच म्हणून घेतलंही. म्हणजे एकीकडे नापास आणि दुसरीकडे पसंत, कोच तीच. फरक अपेक्षांचा होता, आणि अजून एका गोष्टीचा, ज्या एडीने हार्पर यांना आणलं होतं, फिलिप फुल्मर, ते २०२१ पर्यंत निघून गेले होते आणि निर्णय घेणारे डॅनी व्हाइट नंतर आलेले. हा मुद्दा लक्षात ठेवा, तुमच्या केसमध्ये तोच सगळ्यात जड आहे.

आधी पहिला प्रश्न, कोच कशी आहे.

विजयांचा एकूण आकडा बाजूला ठेवा, विशेषतः मिड-मेजरचा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अशी कॉलेजं मोठ्या कॉलेजांच्या घरी जाऊन गॅरंटी गेम खेळतात, म्हणजे समोरचं कॉलेज पैसे देतं आणि तुम्ही जाऊन बहुतेक वेळा हरून येता, त्या पैशात डिपार्टमेंटचा खर्च निघतो. किती गॅरंटी गेम घ्यायच्या हे बऱ्याचदा कोचच्या हातातही नसतं. एका कोचने तीन घेतल्या आणि दुसरीने एकही नाही तर दोघींचे एकूण विजय शेजारी मांडून काही कळत नाही. म्हणून फक्त कॉन्फरन्सच्या, म्हणजे आपल्या गटातल्या कॉलेजांशी होणाऱ्या, मॅचेस बघा, तिथे सगळे एकाच पातळीवरचे, साधारण सारख्या बजेटचे, आणि वर्षागणिक तुलना करता येते.

डॉन स्टेली साउथ कॅरोलायनाला २००८ मध्ये आल्या तेव्हा पहिला सीझन १०-१८, दुसरा १४-१५, तिसरा १८-१५. नुसता एकूण आकडा बघणाऱ्याला वाटलं असतं की ठीकच आहे. पण एसईसी कॉन्फरन्समधले त्यांचे विजय बघा, २, मग ७, मग ८, चौथ्या वर्षी १०, आणि त्या चौथ्या वर्षी टीम पहिल्यांदा त्यांच्याबरोबर एनसीएएत गेली आणि थेट स्वीट सिक्स्टीन. पुढे २०१७, २०२२ आणि २०२४ ची टायटल. तारा व्हॅनडरव्हिअर यांचा स्टॅनफर्डमधला पहिला सीझन १३-१५ आणि दुसरा १४-१४, जीनो ऑरिएमा यांचा यूकॉनमधला (कनेटिकट विद्यापीठ) पहिला १२-१५. कोचची बाजू घेणारे लोक ही तीन नावं नेहमी तोंडावर फेकतात, "बघा, त्यांनाही वेळ दिला होता". मला हा युक्तिवाद पटत नाही. सुरुवात वाईट झालेल्या कोच शेकड्याने होऊन गेल्या आणि त्यातल्या बहुतेकींचं पुढे काहीच झालं नाही, त्यांची नावं आपल्याला आठवत नाहीत एवढंच. स्टेलींच्या आकड्यांतून शिकायचं ते हे की सुधारणा दरवर्षी दिसत होती, नुसतं "वेळ द्या" हे नाही.

तुमच्या कोच बाईंचं ९, १४, १९ हे चढतं आहे आणि मग १६, १२ हे उतरतं. चढताना आधीच्या कोचने आणलेल्या मुली किती होत्या आणि उतरताना किती, हे रोस्टर (टीमची यादी) काढून बघा, कॉलेजच्या वेबसाइटवर जुनी रोस्टर असतात. चौथ्या-पाचव्या वर्षी टीममधल्या जवळजवळ सगळ्या मुली कोचच्या स्वतःच्या निवडीच्या असतात, तिथून पुढे "मला अशीच टीम मिळाली" हे कारण चालत नाही. उतार त्या टप्प्यावर आला असेल तर तो रिक्रूटिंगचा, म्हणजे नवीन मुली निवडून आणण्याचा, प्रश्न आहे आणि तो गंभीर आहे.

पण दुखापती. यावर मी भांडायला तयार आहे, कारण लोक फार सहज बोलतात की "दुखापती सगळ्यांनाच होतात". हो होतात, पण बास्केटबॉलमध्ये एका वेळी पाचच जणी कोर्टवर असतात, दोन स्टार्टर गेल्या की ४० टक्के टीम गेली. २०२२-२३ मध्ये यूकॉनची पेज बकर्स एसीएलमुळे पूर्ण सीझन बाहेर होती, बाकीच्याही एकेक करून बसल्या, जानेवारीत एक मॅच तर सात खेळाडूसुद्धा उभ्या करता येईनात म्हणून पुढे ढकलावी लागली, १९९३ नंतर पहिल्यांदा टीम सलग दोन मॅच हरली आणि सलग १४ फायनल फोरची (शेवटच्या चार टीम) मालिका तुटली. ऑरिएमा एका वर्षात खेळ विसरले का? नोत्र दामला २०१९ मध्ये पाचच्या पाच स्टार्टर डब्ल्यूएनबीए या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये निवडल्या गेल्या आणि पुढच्या सीझनला तिथल्या कोच मफेट मॅकग्रॉ, दोन टायटल जिंकलेल्या, १३-१८ वर आल्या. एवढ्या मोठ्या कॉलेजांची ही गत, तर मिड-मेजरच्या बेंचवर सहावी-सातवी मुलगी आणि पहिली यांच्यातलं अंतर केवढं असतं विचार करा. फक्त एक गोष्ट तपासा. मुलींमध्ये एसीएलचं प्रमाण मुलांपेक्षा कित्येक पट आहे हे सगळ्यांना माहीत आहे, पण एकाच टीममध्ये दरवर्षी दोन-दोन एसीएल होत असतील तर नशिबाला दोष देऊन भागत नाही, तिथे स्ट्रेंथ कोच कोण आहे, उडी मारून खाली येण्याचं तंत्र शिकवतात का, प्रॅक्टिस किती ताणतात, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

मग मॅच बघा, जुन्या मॅचेस ऑनलाइन मिळतात, आणि स्कोअरबोर्ड झाकून बघा. टाइमआउटनंतरच्या पहिल्या पझेशनला, म्हणजे बॉल पहिल्यांदा हातात आल्यावर, चांगला शॉट मिळतो का, कारण टाइमआउटमध्ये कोचने जे आखलं ते कोर्टवर उतरतंय की नाही ते तिथे उघडं पडतं. महिला कॉलेज बास्केटबॉल २०१५-१६ पासून दहा मिनिटांच्या चार क्वार्टरमध्ये खेळतात, प्रत्येक क्वार्टरमध्ये पाचव्या टीम फाउलपासून समोरच्याला दोन फ्री थ्रो, म्हणजे सहाव्या मिनिटालाच चार फाउल झालेली टीम पुढे कसा डिफेन्स करते त्यात कोचची तयारी दिसते. शेवटच्या मिनिटात टाइमआउट घेतला तर बॉल पुढच्या अर्ध्यात आणता येतो, त्यासाठी एक टाइमआउट शिल्लक असतो का. आणि चार-पाच पॉइंटने हरलेल्या मॅचेसचा फार बाऊ करू नका, अशा मॅचेस एका वर्षी सात हरल्या आणि पुढच्या वर्षी सात जिंकल्या असं सर्रास होतं. त्यापेक्षा कॉन्फरन्समध्ये एकूण किती पॉइंटच्या फरकाने हरतात-जिंकतात ते खरं सांगतं. १२ विजय असलेली टीम सरासरी दोन पॉइंटने मागे असेल तर ती वेगळी गोष्ट आणि अकरा पॉइंटने मागे असेल तर ती वेगळी.

माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी कसोटी म्हणजे मुली सुधारतात का. फ्रेशमन (पहिल्या वर्षाला) असताना ज्या मुलीचे टर्नओव्हर (बॉल गमावणं) असिस्टपेक्षा (बास्केट करून देणारे पास) जास्त होते ती ज्युनिअर (तिसऱ्या वर्षाला) होईपर्यंत सावरली का, तीन पॉइंटचा शॉट वाढला का, कमी खेळायला मिळणारी मुलगी तिसऱ्या वर्षी उपयोगी पडायला लागली का. हे आकडे कॉलेजच्या साइटवर पडलेले असतात, कुणी जोडून बघत नाही. पाच वर्षांत अशा चार-पाच मुली सापडल्या तर कोच शिकवते. एकही सापडली नाही तर ती फक्त निवडते, आणि तुमच्या मुलीला शिकवणारी हवी आहे.

ट्रान्स्फर पोर्टलबद्दल, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या एनसीएएच्या यादीबद्दल, आईवडील फार घाबरतात, "सहा मुली सोडून गेल्या" वगैरे. आता सोडून जाणं रोजचं झालंय, नवीन कॉलेजात एक वर्ष बसून राहायची अट २०२१ मध्ये पहिल्या बदलीसाठी गेली आणि नंतर एकापेक्षा जास्त बदल्यांसाठीही गेली. कोण गेलं आणि कुठे गेलं ते बघा. मिड-मेजरची सगळ्यात चांगली खेळाडू मोठ्या कॉलेजाने पैसे देऊन नेली तर त्यात कोचचं अपयश नाही, उलट तिने ती खेळाडू घडवली. पण नियमित खेळणारी मुलगी शेवटचं एक वर्ष राहिलेलं असताना खालच्या पातळीच्या कॉलेजात गेली, किंवा खेळच सोडून दिला, आणि असं तीन-चार जणींनी केलं, तर आत काहीतरी बिघडलंय. असिस्टंट कोच बरोबरीच्याच कॉलेजात, बरोबरीच्याच पदावर निघून जातायत का तेही बघा, आम्ही असिस्टंट मंडळी उगाच घर बदलत नाही.

आणि याच्याही वर एक गोष्ट आहे जी विजयांनी झाकता येत नाही. २०२० च्या ऑगस्टमध्ये टेक्सास टेकने मार्लीन स्टॉलिंग्ज यांना काढलं तेव्हा आदला सीझन १८-११ असा चांगला गेला होता. पण दोन वर्षांत २१ पैकी १२ मुली टीम सोडून गेल्या होत्या आणि खेळाडूंनी यूएसए टुडेला प्रॅक्टिसमधल्या वागणुकीबद्दल जे सांगितलं ते छापून आल्यावर दिवसांत निर्णय झाला, स्टॉलिंग्ज यांनी आरोप नाकारले तरीही. नॉर्थ कॅरोलायनाच्या सिल्व्हिया हॅचेल, हजाराच्या वर विजय आणि १९९४ चं टायटल, त्यांनाही २०१९ मध्ये चौकशीनंतर राजीनामा द्यावा लागला. कॅम्पस व्हिजिटला गेलात की मुलीला खेळाडूंबरोबर एकटं सोडा, कोच आणि तुम्ही दोघंही बाजूला व्हा. तिथे जे कळतं ते कुठल्याच आकड्यात नसतं.

आता दुसरा प्रश्न, नोकरी राहील का. इथे गणित वेगळंच आहे.

एडीसमोर दोन कागद असतात, करार आणि बजेट. कोचला कामगिरीवरून काढलं तर उरलेल्या कराराचे पैसे द्यावे लागतात, तो बायआउट. तुमच्या केसमध्ये दोन सीझन शिल्लक. मिड-मेजरला एका कोचला घरी बसवून पगार द्यायचा आणि नवीन कोच व तिच्या असिस्टंटना पण द्यायचा हे झेपत नाही, म्हणून पाचव्या वर्षानंतर हात आखडतो आणि सहाव्यानंतर, एकच वर्ष उरलं की, मोकळा होतो. सरकारी कॉलेज असेल तर करार सार्वजनिक कागदपत्र असतो, मागून घेता येतो, बरेचदा स्थानिक पेपरवाल्यांनी आधीच काढलेला असतो. तो वाचा. बायआउट दरवर्षी कमी होतो का, बाईंना दुसरीकडे नोकरी लागली तर ती रक्कम वजा होते का, सगळं तिथे लिहिलेलं असतं.

दुसरी खूण म्हणजे मुदतवाढ. रिक्रूट मुलींना कोच सांगते की मी तुझ्याबरोबर चार वर्षं असेन, आणि करार दोनच वर्षांचा असेल तर समोरची कॉलेजं हे मुलींच्या कानात घालायला कमी करत नाहीत. म्हणून ज्या एडीला कोच ठेवायची आहे तो करार तीन वर्षांच्या खाली सहसा जाऊ देत नाही. या एप्रिल-मेमध्ये मुदतवाढ झाली तर बाई सुरक्षित. पण ती बायआउट न वाढवता दिलेली असेल तर फक्त रिक्रूटिंगसाठी लावलेला रंग आहे. झालीच नाही, तर पुढचा सीझन परीक्षेचा. एडी पेपरात "आमचा कोचवर पूर्ण विश्वास आहे" म्हणाला तर त्यावर जाऊ नका.

नवीन एडीबद्दल वर टेनेसीचं सांगितलंच. नवीन माणूस आला की पहिल्या वर्षी बघतो, दुसऱ्या वर्षी हलवतो, हा माझा सगळीकडचा अनुभव. यात कोचची चूक असतेच असं नाही. आपण निवडलेली कोच हरली तर तो तिला सांभाळतो कारण निवड त्याची असते, आधीच्याने निवडलेली हरली तर त्याला काहीच वाटत नाही.

शिवाय काळच बदललाय. महिला टीमच्या कोचला पूर्वी जास्त वेळ मिळायचा, आणि खरं कारण हे की कुणाचं लक्षच नव्हतं, पैसाच नव्हता. एनसीएएने महिलांची टूर्नामेंट १९८२ मध्ये सुरू केली पण त्यात जिंकल्याचे पैसे कॉन्फरन्सना मिळायला २०२५ उजाडलं, पुरुषांना ते १९९१ पासून मिळतात. २०२४ ची साउथ कॅरोलायना-आयोवा फायनल जवळपास १ कोटी ९० लाख लोकांनी टीव्हीवर पाहिली, त्या वर्षीच्या पुरुषांच्या फायनलपेक्षा जास्त. हे व्हायलाच हवं होतं, मला त्याचा मनापासून आनंद आहे, पण पैसा आला की सबुरी जाते आणि ती किंमत कोच बाया मोजतायत. त्यात टीसीयूसारखी उदाहरणं. २०२२-२३ मध्ये ८-२३, नवीन कोच मार्क कॅम्पबेल आले, पहिल्या वर्षी इतक्या दुखापती की दोन मॅच सोडून द्याव्या लागल्या आणि कॅम्पसवर खुल्या ट्रायआउट घेऊन मुली भरल्या, आणि त्याच्या पुढच्या वर्षी पोर्टलमधून आलेल्या खेळाडूंच्या जोरावर ३४-४ आणि एलिट एट. हे बघून प्रत्येक एडीला वाटतं आपल्याकडे दोन वर्षांत का नाही. टीसीयूकडे जे पैसे होते ते तुमच्या मुलीच्या कॉलेजाकडे नाहीत हे मात्र सोयीने विसरलं जातं. दुसरीकडे यूसीएलएने कोरी क्लोज यांना धरून ठेवलं आणि १४व्या सीझनला, २०२५ मध्ये, त्या टीमला एनसीएएच्या फायनल फोरमध्ये पहिल्यांदा घेऊन गेल्या.

"एकदाही एनसीएए नाही" हा तुमच्याकडचा सगळ्यात मोठा आरोप, तर त्याचंही वजन नीट बघा. २०२५ मध्ये ६८ टीम होत्या, त्यातल्या ३१ कॉन्फरन्स जिंकून थेट आल्या, उरलेल्या ३७ जागा बहुतेक मोठ्या कॉन्फरन्सनी खाल्ल्या. मिड-मेजर कॉन्फरन्सला साधारण एकच जागा, आणि तीसुद्धा मार्चमधल्या तीन-चार दिवसांच्या कॉन्फरन्स टूर्नामेंटवर. १९ विजयांच्या वर्षी त्या टूर्नामेंटच्या सेमीफायनल-फायनलपर्यंत गेल्या होत्या का, त्या वर्षी कॉन्फरन्समध्ये कितव्या होत्या, हे विचारा. दुसऱ्या-तिसऱ्या असतील तर बाईंनी त्या बजेटमध्ये जे शक्य होतं ते केलं.

माझं मत विचाराल तर, एवढ्या माहितीवर, या कोच सरासरीपेक्षा थोड्या वर आहेत, यंदाचे १२ विजय मी त्यांच्या नावावर पूर्ण मांडणार नाही, मागच्या वर्षीच्या १९ वरून १६ चा जाब मात्र मी विचारला असता कारण तेव्हा दुखापतींचं कारण तुम्ही दिलेलं नाही. आणि नोकरी? या वर्षी राहतील असं वाटतं. पुढच्या मार्चमध्ये कॉन्फरन्सच्या वरच्या अर्ध्यात नसतील तर जातील, आणि ते कॉन्फरन्स टूर्नामेंट हरल्यावर आठवड्याभरात होईल, कारण नवीन कोचला पोर्टलमधून टीम भरायला वेळ हवा असतो. तुमची मुलगी आत्ता हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला असेल तर तिला या बाईंचं एक वर्ष नक्की मिळेल, चार नाही, असं धरून चाला.

म्हणून कोच बाईंना सरळ विचारा, "तुमच्या कराराची मुदत वाढतेय का?" राग येणार नाही, सगळे विचारतात. उत्तर कसं देतात ते बघा. जी कोच "मला माहीत नाही, पण मी इथे असेपर्यंत तुझ्या मुलीसाठी हे करेन" म्हणते तिच्यावर मी "काही काळजी करू नका" म्हणणारीपेक्षा जास्त विश्वास ठेवते. टीमचा एपीआर, म्हणजे मुली अभ्यासात टिकतात का आणि कॉलेजात राहतात का याचा एनसीएएचा आकडा, तोही सार्वजनिक असतो, १००० पैकी, ९३० च्या खाली गेला तर कॉलेजला त्रास होतो. आणि त्या कॉलेजात मुलीला हवा तो अभ्यासक्रम आहे का, कोच उद्या गेल्या तरी ती तिथे चार वर्षं राहायला तयार आहे का, हे घरात बसून ठरवा.

स्कॉलरशिप कॉलेज देतं, कोच नाही. ज्या मुदतीची दिलीय त्या मुदतीत खेळ कमी पडला म्हणून ती काढून घेता येत नाही, नवीन कोच आली तरी. पण मुदत एका वर्षाची असेल तर पुढच्या वर्षी नूतनीकरणाचं काय, हे आधीच विचारून घ्या. तेव्हा सही करायच्या आधी अ‍ॅग्रीमेंटवर वर्षं किती लिहिलीत ते वाचा, एकच असेल तर चार वर्षांची मागा, मिळेल न मिळेल पण मागा, आणि ही बोलणी कोचबरोबर तोंडी करू नका, कॉलेजच्या कॉम्प्लायन्स ऑफिसला (एनसीएएचे नियम पाळले जातात का ते बघणारं ऑफिस) ईमेल करून लेखी उत्तर घ्या.